मागच्या तीनची सरासरी

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला त्याच्या ऑफिसात सगळे सरासरीराव म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. मी आता तोंडावरही म्हणते आणि तो मान खाली घालून ऐकून घेतो. त्याचाच मला जास्त संताप येतो. माणसाने एकदा तरी उलटून बोलावं, म्हणजे निदान भांडण तरी होईल.

स्वभावाने गरीब आहे हो बिचारा, असं त्याच्याबद्दल कोणीही सांगेल. खोटं नाही ते. दारू नाही, तंबाखू नाही, आवाज चढवणं नाही. नाकासमोर चालणारा माणूस. मुंगी पायाखाली आली तर तिचीच माफी मागेल. पण गरीब स्वभावाच्या माणसाने केलेलं नुकसान कोणी मोजत नाही, आणि म्हणून मी मोजायला बसले आहे.

त्याचं काम पाण्याचे मीटर वाचायचं. हे मीटर भिंतीवर नसतात, जमिनीत असतात. फाटकाच्या आत एक खड्डा, त्यावर लोखंडी झाकण, खाली ओल्या मातीत ती तबकडी. आकडीने झाकण उचलायचं, गुडघे टेकायचे, चिंधीने काच पुसायची, बॅटरी मारायची, आकडा लिहायचा आणि पुढे सही ठोकायची. दिवसाला सव्वाशे घरं. लोक कामाला बाहेर पडायच्या आत गाठायचे म्हणून हा सकाळी साडेसहालाच घर सोडतो.

आता सव्वाशे घरांत वीस-पंचवीस फाटकं बंदच असतात. त्यासाठी ऑफिसचा नियम आहे, त्याने काही मनाचा काढलेला नाही. फाटक बंद असलं की शेऱ्यात ‘दार बंद’ लिहायचं आणि मागच्या तीन वेळची सरासरी काढून आकडा टाकायचा. पुढच्या वेळी दार उघडं मिळालं की जो काय फरक असेल तो वळता होतो. नियम चांगला आहे. पाण्यासाठी चांगला आहे.

पण ह्याचं असं व्हायला लागलं, की दार उघडं असलं तरी झाकणावर कोणाची गाडी उभी असायची, नाहीतर आत कुत्रं असायचं, नाहीतर गेल्या वेळी भांडलेले आजोबा ओट्यावर बसलेले असायचे. की हा लांबूनच सरासरी टाकून पुढे. उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय. कुठे आकडा एकदम उडी मारलेला दिसला तरी हा घाबरायचा, तोही जरा घासूनपुसून मागच्याच्या जवळ आणून ठेवायचा. मला एकदा म्हणाला होता, “ताई, आकड्याने उडी मारली की माणसं भांडायला येतात. सरासरी कोणाला टोचत नाही.” मी हसले होते. हसायला काय जातंय, पाणी दुसऱ्याचं होतं.

माझी बहीण त्याच ऑफिसात तक्रारीच्या फोनवर बसायची. कानाला ते यंत्र, तोंडासमोर ती काडी, आणि दिवसभर शंभर वेळा एकच वाक्य, “तुमची तक्रार नोंदवली आहे.” झोपेतसुद्धा म्हणायची मेली. एका महिन्यात तिच्याकडे एकाच भागातून अकरा तक्रारी आल्या, की तुमचा माणूस फिरकलाच नाही आणि आकडा मात्र आला. तिने त्याला बोलावून घेतलं, चांगला फैलावर घ्यायचा म्हणून. हा येऊन उभा राहिला तो दोन्ही गुडघ्यांना चिखल. गुडघ्याला चिखल आहे म्हणजे खाली बसतो तरी, असं तिच्या मनात आलं, आणि राग गेला. पुढच्या वर्षी लग्न. सरासरीराव हे नाव तिनेच ठेवलेलं, लाडाने.

मी काही विरोध केला नाही. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि मी वीस. तिच्या वेण्या मी घातल्या, तिची शाळेची फी मी भरली, तिला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा कापड मी दिलं. तिला कोणी मोठ्याने बोललेलं मला खपत नसे, आणि हा मोठ्याने बोलणाऱ्यांतला नव्हता. माझी लाँड्री आहे, दोन-तीन हॉटेलांच्या चादरी येतात. ओल्या चादरींची गाठोडी उचलून कंबर गेली माझी. हा रविवारी यायचा आणि न सांगता सगळी गाठोडी दोरीपर्यंत नेऊन ठेवायचा. तेव्हा मीही म्हणत होतेच की, स्वभावाने गरीब आहे हो बिचारा.

लग्नानंतर पाच वर्षं काही नाही. मग चौतिसाव्या वर्षी तिला दिवस गेले. सगळं ठीक चाललं होतं, आणि पाचवा संपताना दवाखान्यात रक्तदाब वाढलेला निघाला. वरचा एकशे अठ्ठेचाळीस, खालचा शहाण्णव. मी सोबत होते. बाळंतपणाच्या डॉक्टरबाई तरुण होत्या पण शहाण्या होत्या, त्यांनी घाबरवलं नाही आणि गोडगोडही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, हे आजार म्हणून दिसत नाही, दुखत नाही, त्यामुळे माणूस निर्धास्त राहतो. पण आतून वार ज्यांच्यातून मूल पोसते त्या रक्तवाहिन्यांवर ताण येतो, मूल वाढत नाही, आईच्या मेंदूवर, मूत्रपिंडावर येऊ शकतं. सांभाळलं तर बहुतेक बायका सुखरूप बाळंत होतात. सांभाळायचं म्हणजे गोळी सकाळ-संध्याकाळ, दर गुरुवारी इथे येऊन लघवी तपासायची, आणि घरी मशीन घेऊन रोज दोनदा दाब मोजून वहीत लिहायचा.

घरी कशाला, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, दवाखान्यात आलं की पुष्कळ जणींचा भीतीनेच वाढतो. एका दिवसाच्या आकड्यावर मी गोळी वाढवू की नको, भरती करू की नको, हे ठरवत नाही. घरची वही बघून ठरवते. मग मोजायचं कसं ते शिकवलं. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. हात छातीच्या उंचीला, उघड्या दंडावर पट्टा, आणि मोजताना बोलायचं नाही. वरचा एकशे पन्नासच्या पुढे गेला किंवा खालचा शंभरावर, तर गुरुवारची वाट बघायची नाही, फोन करायचा. डोकं खूप दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं, बरगड्यांखाली दुखलं, चेहरा-हात एकदम सुजले, तर फोनही नको, सरळ उठून यायचं. हे सगळं छापलेला एक कागद दिला. तो बहिणीने फ्रिजवर चिकटवला.

वहीचं काम सरासरीरावाने स्वतःहून घेतलं. आकडे म्हटले की त्याचा हातखंडा. लांबट वही आणली, पट्टीने रेघा मारल्या. तारीख, वेळ, वरचा, खालचा, गोळी, आणि शेवटचं घर सहीचं. ऑफिसच्या कागदावर असतं तसं. मी म्हटलं, बायकोच्या रक्ताची सही कोणाला दाखवायची आहे? तर म्हणाला, “ताई, आकड्याची जबाबदारी कोणाची ते कळायला हवं ना.” काय ती शिस्त, काय ते वळणदार आकडे! डॉक्टरबाईंनीसुद्धा पहिल्या गुरुवारी वही बघून मान डोलावली, म्हणाल्या अशी वही सगळ्यांनी ठेवली तर माझं अर्धं काम होईल.

पहिले तीन आठवडे खरे होते. हे मी त्याच्या बाजूने सांगते, कारण मला खोटं बोलायचं नाही. मग बहिणीला सकाळी झोप लागायला लागली. रात्री कूस बदलता यायची नाही, पहाटे कुठे डोळा लागायचा. आणि ह्याला साडेसहाला निघायचं. उठवून, पाच मिनिटं बसवून, पट्टा बांधायचा, तर तिची झोप मोडायची. पहिल्या दिवशी त्याने तिला उठवलं नाही. सकाळचं घर रिकामं राहिलं. रिकामं घर त्याला बघवेना. अकरा वर्षं ज्याने कागदावर एक घर रिकामं सोडलं नाही, त्याला ते कसं बघवणार? त्याने मागच्या तीनची सरासरी काढली, लिहिली आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी तेच. आठवड्याने तर सकाळचा पट्टा कपाटातून बाहेर येईनासाच झाला. संध्याकाळी तो मशीन स्वतःकडे वळवून मोजायचा, पण वर एकशे चोपन्न आले की परत मोजायचा. परत एकशे एक्कावन्न. तिसऱ्यांदा जरा उतरले की त्याला हायसं वाटायचं, आणि मग तेही नाही, तोही घासूनपुसून कालच्याच्या जवळ आणून लिहायचा. बायकोला दाखवायचा, हे बघ, एकशे तीस. तिला बरं वाटायचं. ती सकाळी उठून वही बघायची तर सकाळचं घर भरलेलं. तिला वाटायचं, झोपेतच हलक्या हाताने घेतलं असेल. गुणाचा नवरा म्हणून चार जणींत सांगायची.

ह्यात तिची काही चूक नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. तिने एक गोळी चुकवली नाही. ऑफिसातल्या फोनवरच्या बायका सांगायच्या, गरोदरपणी एवढ्या गोळ्या बाळाला बाधतात, सोड. तिने सोडल्या नाहीत. सातव्यात रजा घेतली, डाव्या कुशीवर पडून राहिली, दर गुरुवारी गेली. एका गुरुवारी दवाखान्यात एकशे बावन्न आला. डॉक्टरबाईंनी दहा मिनिटं बसवून परत घेतला, एकशे शेहेचाळीस. लघवी साफ होती. त्यांनी वही उघडली. एकशे अठ्ठावीस, एकशे तीस, एकशे एकतीस, एकशे एकोणतीस. शाळेतली शहाणी मुलं रांगेत उभी असावीत तसे आकडे. म्हणाल्या, इथे भीतीने वाढतोय, घरी छान आहे, गोळी आहे तेवढीच ठेवू. आम्ही तिघंही खूश होऊन बाहेर आलो. त्या दिवशी ह्याच्या तोंडाकडे मी बघितलं असतं तर काही दिसलं असतं का, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं नसतं दिसलं. तोपर्यंत त्याचाच त्या वहीवर विश्वास बसला होता.

आठवा लागला. माझी लाँड्री बुधवारी बंद असते, म्हणून बुधवारी मी तिच्याकडे जायचे. त्या बुधवारी अकराच्या सुमाराला गेले तर ती पलंगावर बसून अंगठी ओढत होती. निघेना. बोटं फुगली होती. मी साबण लावून लावून काढली, बोटावर वळ उठला. तोंडही जरा भरल्यासारखं वाटलं, मी म्हटलं बाळसं आईलाच आलं की काय. ती हसली, पण म्हणाली, डोकं ठणकतंय कालपासून. मी फ्रिजवरचा कागद वाचला. त्यावर लिहिलं होतं, डोकं खूप दुखणे. मी तिला विचारलं, खूप दुखतंय का? ती म्हणाली, खूप म्हणजे किती गं? बारा वर्षं कानाला यंत्र लावलेल्या बाईला डोकेदुखीचं काय सांगायचं!

मी म्हटलं चल, मशीन लावू. तिला नीट बसवलं, पाठीशी उशी दिली, पाय खाली. पट्टा बांधला, बटण दाबलं. आकडा आला तो एकशे बासष्ट. खाली एकशे आठ.

ती डोळे मिटून बसली होती. मी वही उघडली. त्याच दिवसाची सकाळ, सहा वाजून पंधरा मिनिटं, एकशे तीस, खाली चौऱ्याऐंशी, गोळीला खूण, आणि खाली सही. वरच्या ओळीत तसंच. त्याच्या वर तसंच. पानभर तसंच. पाच तासांत एवढं कसं चढेल? चुकलं असेल तर ते मशीन चुकलं असेल, नाहीतर मी. मी चादरी धुणारी बाई, मला काय पट्टा बांधता येतोय. त्याची एवढी सुरेख वही एका बाजूला आणि माझा हा एक आकडा दुसऱ्या बाजूला.

तिने डोळे न उघडता विचारलं, “किती?”

मी म्हटलं, “एकशे तीस. तुझं नेहमीचंच.”

वहीतला वाचून दाखवला मी तिला. तिने बरं म्हटलं आणि आडवी झाली. मी स्वयंपाकघरात जाऊन, दार लोटून, त्याला फोन लावला. आकडा सांगितला. मागे कुठे तरी कुत्रं भुंकत होतं. मग म्हणाला, “पट्टा सैल राहिला असेल ताई, सैल राहिला की जास्त दाखवतं. संध्याकाळी मी घेतो. आणि उद्या गुरुवार आहेच.”

उद्या गुरुवार आहेच. मलाही तेच ऐकायचं होतं. मी परत पट्टा बांधून बघितलं नाही. घट्ट बांधून परत एकदा बघायला किती वेळ लागला असता? एक मिनिट. बघितलं नाही, कारण परत तोच आकडा आला तर काय करायचं ह्याची मला भीती वाटत होती. आणि वहीत मी तो लिहिलाही नाही. तिच्यासाठी मऊ भात टाकला, भांडी घासली, चार वाजता घरी आले.

संध्याकाळी त्याने तीनदा घेतला. काय आलं ते मला नंतर कळलं, एकशे साठ, एकशे चौसष्ट, एकशे अठ्ठावन्न. त्याने एकशे बत्तीस लिहिले. नेहमीपेक्षा दोन जास्त. तेवढाच काय तो त्याचा प्रामाणिकपणा. बाकीचा फरक उद्या दवाखान्यात वळता होणार होता.

गुरुवारी अकराची वेळ होती. त्याने अर्धी रजा टाकली होती. साडेआठला ती तोंड धुवायला उठली, आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, हे डोळ्यांपुढे काय चमकतंय? एवढंच म्हणाली. मग ती पडली आणि तिचं अंग झटके द्यायला लागलं. दातांखाली जीभ आली. ह्याने तिला कुशीवर वळवलं, शेजाऱ्यांनी गाडी बोलावली. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तिला झटके थांबवायचं इंजेक्शन देऊन आत नेलं होतं. पोटातच वार सुटली होती. डॉक्टरबाईंनी पोट उघडून मूल काढलं. मुलगी. एक किलो चारशे. ती रडली नाही. अर्धा तास खटपट केली त्यांनी, मी काचेतून बघत होते. मग त्यांनी हात थांबवले.

नखं आली होती तिला. एवढी एवढी, पण पूर्ण. मला ते सारखं आठवतं आणि का आठवतं ते मला माहीत नाही.

बहीण दुसऱ्या दिवशी दुपारी शुद्धीवर आली. त्याच्या आधी डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. वही टेबलावर उघडी होती. त्या शांतपणे बोलत होत्या, पण त्यांचा आवाज ठीक नव्हता. म्हणाल्या, असे आकडे असलेल्या बाईला असं होऊ नये, मला समजत नाही, कोणी घेतले हे? आणि तेव्हा ह्याने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. नियम सांगावा तसा सांगितला, की झोपलेली असली म्हणजे दार बंद, दार बंद असलं की मागच्या तीनची सरासरी, पुढच्या वेळी फरक वळता होतो. बोलता बोलता त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं.

डॉक्टरबाईंनी वहीची पानं मागे उलटली. मग म्हणाल्या, “घर रिकामं सोडलं असतंत, तर मला दिसलं असतं. इथे एकशे बावन्न आला त्याच गुरुवारी मी तिला भरती करून घेतली असती.”

मी तिथेच त्याच्या अंगावर धावून गेले. मी काय काय बोलले ते सिस्टरांनी, आयांनी, बाहेरच्या बाकावरच्या लोकांनी, सगळ्यांनी ऐकलं. कुंपणानेच शेत खाल्लं म्हटलं. झाकली मूठ ठेवून माझ्या बहिणीला मारत होतास म्हटलं. अरे-तुरेवर आले. तो उभा होता. एकदा त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं, आता हा बुधवारचा फोन काढणार. माझी जीभ तिथेच थांबली. त्याने काढला नाही. मान खाली घातली. त्या फोनचं त्याने डॉक्टरबाईंसमोर सांगितलं नाही, बहीण शुद्धीवर आली तेव्हा तिच्यासमोर नाही, नंतर घरी आल्यावरही नाही. सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं त्याने आणि माझं माझ्याकडे ठेवू दिलं.

आणि मी ठेवलं. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तशी मी जास्तच ओरडत राहिले. बहिणीला माझ्या घरी घेऊन आले. तो दारात आला की मी फाडफाड बोलायचे, तो ऐकून जायचा. लोक म्हणायचे, बहीण असावी तर अशी.

बाळंतपण झालं म्हणून दाब लगेच उतरत नाही. सहा आठवडे तरी गोळी आणि मोजणं चालू ठेवायला सांगितलं होतं. तीच वही, अर्धी उरलेली. आता ती स्वतः मोजते. खुर्चीत सरळ बसते, पाय खाली, पाच मिनिटं भिंतीकडे बघते. मूल नाही, दूध आलेलं, छातीला पट्टी बांधलेली, आणि ही बाई एक शब्द न बोलता दंडाला पट्टा लावून बसते. येईल तो आकडा लिहिते. एकशे शेहेचाळीस तर एकशे शेहेचाळीस. सही करते. एखाद दिवशी राहून गेलं तर घर रिकामं सोडते.

तो ऑफिसात काय करतो ते मला तिथल्या एकीने सांगितलं. म्हणे आता सरासरी टाकत नाही. एकेका फाटकाशी तीन-तीनदा जातो, आणि नाहीच उघडलं तर घर कोरं ठेवून कागद देतो. वरून दोन मेमो आले आहेत. मी म्हटलं, वरातीमागून घोडं. पण ते म्हणताना माझाच आवाज मला ऐकवेना.

काल पाचवा आठवडा संपला. संध्याकाळी दोऱ्यांवरच्या चादरी काढून मी आत आले तर ती टेबलाशी वही घेऊन बसली होती. दाब मोजून झाला होता, एकशे चौतीस. पण पान मागचं उघडं होतं. तो बुधवार. तिचं बोट त्या ओळीवर होतं. मी चादरींच्या घड्या घालायला लागले.

ती म्हणाली, “ताई, त्या दिवशी तू मोजला होतास. किती आला होता?”

माझ्या हातात चादरीची दोन टोकं होती. मला म्हणता आलं असतं, सांगितला होता की, एकशे तीस. तिने ते मान्यही केलं असतं. नवरा काय बोलणार नव्हता, आजवर बोलला नव्हता. सगळा दोष एका ठिकाणी जाऊन बसला होता, तिथे तो बसूनच राहिला असता.

मी म्हटलं, “एकशे बासष्ट. खाली एकशे आठ.”

तिने बोट त्या ओळीवरून उचललं नाही. मी सांगायला लागले, मला वाटलं पट्टा सैल आहे, मी त्याला फोन केला होता, दुसऱ्या दिवशी गुरुवार होताच, मला तुला घाबरवायचं नव्हतं. एकेक कारण तोंडातून बाहेर पडत होतं आणि मला ते त्याच्यासारखंच ऐकू येत होतं. तिने मला संपवू दिलं. तक्रारीच्या फोनवर बसलेली बाई ती, तिला माणसांना बोलून संपवू द्यायची सवय आहे.

मग तिने पेन घेतलं. सकाळच्या आणि संध्याकाळच्या ओळीच्या मधे, त्याच्या सुरेख आकड्यांच्या मधे, तिच्या तिरप्या अक्षरात लिहिलं, अकरा वाजता, एकशे बासष्ट, एकशे आठ. गोळीच्या घरात खूण केली. गोळी तिने त्या दिवशीही घेतली होतीच. शेवटचं घर तेवढं तिने भरलं नाही. वही फिरवून माझ्यासमोर सरकवली आणि पेन वहीच्या घडीत ठेवलं.

“सही कर, ताई,” ती म्हणाली.

मी हात पुसले आणि सही केली.